कड्यावरच्या देवीचा डावा कौल

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. शरयूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सवयीने हात 'चि.' लिहून गेला. चिरंजीव! ज्या लेकीचे वर्षश्राद्ध नुकतेच उरकले, तिला बापाने दीर्घायुष्य चिंतावे, हा केवढा विपर्यास! खोडावे म्हणून लेखणी टेकवली, पण ती पुढे सरकेना. असू दे. शास्त्राने एवढे माझे पोटात घालावे.

आज लिहितो आहे, कारण तुझा निरोप पोहोचवून आलो. रुग्णालयात, अगदी शेवटी, बोलायला श्वास पुरत नव्हता तेव्हा तू माझे मनगट धरून एवढेच म्हणाली होतीस, "बाबा, देवीला पुन्हा विचारा." तुझ्या आईला वाटले, तू तुझ्या आजाराविषयीच बोलते आहेस. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "इचारते गं माझे बाय, रोज इचारते." तू मानेनेच नाही म्हटलेस आणि माझ्याकडे पाहिलेस. मला कळले होते. समुद्रावरच्या कड्याच्या टोकाशी बसलेली आपली कुलदेवी, तिला तिथून आत, सुरक्षित जागी न्यावे की नाही, याचा कौल तुला पुन्हा लावून हवा होता. स्वतःसाठी तू काहीच मागितले नाहीस. निदान एकदा तरी मागायचेस! बापाला नाही म्हणता आले नसते, एवढे तरी सुख मिळाले असते.

आपण दरवर्षी दिवाळीनंतर गगनबावड्याचा घाट उतरून देवीला जात असू. मी गाभाऱ्यात, तुझी आई ओवरीत स्वयंपाकाला आणि तू थेट कड्यावर! पोटावर पालथी पडून तू खाली डोकवायचीस आणि आपले गुरव देवळाच्या पायरीवरून ओरडायचे, "ताईनू, मागे सरा! काय वाईट झाला तर तुमच्या बापाशीक मी काय सांगू?" तू तिथूनच म्हणायचीस, "सांगा, कडा बघत होती!"

आणि मग ती मोजणी. टेपचे एक टोक दीपमाळेशी माझ्या हाती, दुसरे कड्याच्या कडेशी तुझ्या हाती. जिथे कड संपे त्याच्या अलीकडे जांभ्या दगडावर तू पांढऱ्या रंगाची रेघ ओढायचीस. "बाबा, ताठ धरा. टेपला पोट येऊ देऊ नका." भूगोलाची प्राध्यापिका बापाला विद्यार्थ्यासारखी दटावते, याचे मला किती कौतुक वाटे, हे मी तुला कधी सांगितले होते का? नसावे. आपल्या घरात कौतुक पाठीमागे करण्याची रीत!

एके वर्षी प्रवचनात मी पर्वताचे वर्णन करताना 'अचल' हा शब्द फार रंगवून सांगितला होता. जो ढळत नाही तो अचल. घरी आल्यावर तू चहाचा कप माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, "बाबा, तुमच्या अचलाला एकदा माझ्याबरोबर बघायला या. तो सारखा चालतोय. फक्त आपल्या आयुष्याच्या मानाने हळू."

मी विचारले, "चालवतो कोण? समुद्रच ना?"

तू उठून स्वयंपाकघरातून मिठाचे मडके घेऊन आलीस. त्याच्या बाहेरच्या अंगाला पापुद्रे सुटले होते, बोट लावताच मातीचा भुगा पडत होता. "याला लाटा लागल्या का? नाही ना? आतलं खारट पाणी झिरपून बाहेर आलं, सुकलं, मिठाचे खडे झाले. त्या खड्यांनी मडक्याचा कण न् कण ढकलून सुटा केला. कड्याचंही हेच होतं. समुद्राचे तुषार दगडाच्या भोकाभोकांत बसतात, उन्हात सुकतात, पुन्हा भिजतात. शिवाय वरून पावसाचं पाणी. जांभा कठीण खरा, पण त्याला भोकं फार. पाणी त्यातून खाली उतरतं आणि खालच्या पांढरट मऊ मातीवर येऊन थांबतं. माती फुगते, निसरडी होते, हळूहळू बाहेर सरकते. वरचा दगड अधांतरी राहतो. कडेला समांतर एक भेग पडते. त्या भेगेत झाडाची मुळं शिरतात. आणि मग एक दिवस सगळं आपल्याच वजनानं खाली!"

"आणि लाटा?"

"लाटा खालून पाया कोरतात आणि पडलेलं उचलून नेतात. पाडण्याची तयारी वर्षानुवर्षं दगडाच्या आतच चाललेली असते." मग माझ्याच शास्त्राची भाषा घेऊन तू मला विचारलेस, "तर आता सांगा पंडितजी, कडा पडण्याचं उपादान कारण कोणतं आणि निमित्त कोणतं?"

मी हरलो होतो आणि हरण्याचा एवढा आनंद मला कोणत्याही विद्वत्सभेत झाला नव्हता. पण आज ते मडके मला बघवत नाही. तुझ्या आजाराचेही तसेच नव्हते का? लोक विचारतात, "एकाएकी कशी गेली हो?" काय सांगावे त्यांना? की एकाएकी काहीच पडत नाही. आम्हाला दिसले तेवढे एकाएकी!

पहिल्या कौलाचा दिवस तुला आठवत असेलच. तुझ्या आजाराचे निदान व्हायच्या आदल्या वर्षीचा. तूच गावकऱ्यांना बोलावून ती समांतर भेग दाखवली होतीस. भेग देवळाच्या आवारापर्यंत आली होती. आवारात उभी राहून तू म्हणालीस, सड्याच्या, म्हणजे कड्यावरच्या उघड्या कातळमाळाच्या, आतल्या अंगाला, रायवळ आंब्याजवळ जागा पक्की आहे, देवीला तिथे नेऊ. गावाने ऐकून घेतले. पण देवीच्या इच्छेवाचून तिचा दिवाही कुणी हलवत नाही, तिथे मूर्ती कोण हलवणार? गुरवांनी फुलाच्या पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला लावल्या. घराण्यातला वडीलधारा म्हणून प्रश्न मी विचारला. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली.

परतीच्या वाटेवर घाटात मी म्हणालो, "देवीचा शब्द झाला. आता विषय नको." तू खिडकीबाहेर पाहतच म्हणालीस, "बाबा, पाकळी पाणी सुकल्यावर पडते. कडा पाणी मुरल्यावर पडतो."

मला ते जरासे झोंबले. मी विचारले, "म्हणजे तुझा विश्वास नाही?"

"विश्वास आहे म्हणून तर तिला तिथून हलवायचंय. नसता, तर एक दगड समुद्रात गेल्याचं मला काय दुःख?"

शरू, या वाक्यावर मी पुढे कितीतरी प्रवचने करू शकलो असतो. त्या दिवशी मात्र डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचे दाखवले. तू तरी का गप्प बसलीस गं? एरवी हट्टाला पेटलीस की कुणाला सोडत नसायचीस!

महापुराच्या वर्षी तुझ्या आईला सोडलेस का? पंचगंगेचे पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी आले होते. तुझी आई देवघरासमोर मांडी ठोकून बसली. "म्या हलायची न्हाय. नदी माझ्या वळखीची हाय, उंबरा वलांडून आत न्हाय यायची."

तू शांतपणे विचारलेस, "आई, चलणार का?"

"न्हाय."

"पुन्हा विचारते, चलणार का?"

"एकदा सांगितलं की न्हाय म्हणून! कान हायत का भोकं?"

तू शेजारच्या संभाला हाक मारलीस. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीवर काम करणारा तो दांडगा गडी दारात उभाच होता. "संभा, आईचं म्हणणं ऐकलंस ना? आता खुर्चीचे मागचे पाय तू धर." आणि निघाली वरात! खुर्चीवर तुझी आई, तिच्या मांडीवर बाळकृष्ण आणि तोंडात शिव्यांची संथा. "मुडद्या संभ्या, तुझ्या हाताला किडं पडतील!" संभा गुडघाभर पाण्यातून चालत म्हणाला, "पडू द्यात की मावशी, आदी पाण्यातनं भायेर तर पडूया!" गडमुडशिंगीला तिच्या माहेरी पोहोचल्यावर ती तुझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. आल्या आल्या वहिनीला मात्र म्हणाली, "आमटीत मीठ कुणी घातलंय? खारट झालीया." मागे आपल्या घरात पाणी खिडकीच्या वर चढले होते.

हे सारे तुला ठाऊकच आहे. तरीही लिहिले, कारण पुढे त्याचीच गरज पडली.

यंदा श्रावणात गुरवांचा फोन आला. आवारापुढचा तुकडा गेला होता. दीपमाळ वाचली, पण तिच्यापासून कड आता चार पावलांवर आली. मी विचारले, "आणि पांढऱ्या रेघा?" ते म्हणाले, "ताईंच्यो रेघो गेल्यो, मास्तरांनू. सगळ्यो गेल्यो."

तुझ्या आईला सांगितले तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "तिच्या हातची रेघ गेली?" एवढेच म्हणाली आणि काटवटीतल्या पिठावर डोके टेकून रडली. तुझे कपडे तिने वाटून टाकले होते, चष्मा उचलून ठेवला होता, सारे निभावून नेले होते. कोणा परक्या गावच्या दगडावरची रंगाची रेघ गेली आणि तिचा बांध फुटला.

तुझे वर्षश्राद्ध झाल्यावर आम्ही निघालो. गाडी संभाने चालवली. घाट उतरताना नेहमीच्या वळणावर गाडी मंदावली. तिथे थांबून तू खालची दरी पाहायचीस, हे त्याच्याही लक्षात होते.

कड्यावर मी एकटा गेलो. खाली पाहिले. पडलेला जांभा मोठमोठ्या शिळा होऊन पायथ्याशी पसरला होता आणि लाटा त्याच्यावर आपटून परतत होत्या. तू एकदा सांगितले होतेस, पडलेला ढीगच काही काळ कड्याचा पाया राखतो. समुद्राला आधी तो उचलावा लागतो, तोवर वरच्याला उसंत मिळते. पडलेल्याने उभ्याला राखायचे! त्या शिळांत कुठेतरी तुझी पांढरी रेघ असेल म्हणून मी डोळे ताणून शोधत राहिलो. म्हाताऱ्या नजरेला फेसाच्या साऱ्याच रेघा पांढऱ्या दिसल्या.

गाभाऱ्यापुढे सारा गाव जमला होता. गुरवांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, "बा आये, ह्या घाटावयल्या लेकरांचा गाऱ्हाणा ऐक. त्यांची लेक जी गोष्ट मागून गेली, ती तुझ्या मनात असात तर उजवो दी!" सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

बाळ, मी आयुष्यभर देवापुढे हात जोडले, पण इतकी भीक कधी मागितली नव्हती. तुझ्या आजारात मागितली होती, ती तर... असो. पाकळ्या हलेनात. हवेत ओल होती. समुद्राचा आवाज भिंतींतून येत होता. मी मनात म्हणत होतो, आई, एक 'नाही' पचवले आहे. दुसरे देऊ नकोस.

डावी पडली.

गुरवांनी डोळे मिटले. "मास्तरांनू, आवशीन डावो दिल्यान. आता माका बोलूक जागा नाय."

मीही हात जोडले. काय करणार होतो? देवी नाही म्हणाली होती. गुडघ्यावर हात ठेवून उठू लागलो, तोच पाठीमागून तुझ्या आईचा आवाज आला.

"थांबा वो! न्हाय म्हणली, त्यात नवल काय? मला शरीनं इचारलं तवा मी काय म्हणलं व्हतं? न्हायच म्हणलं व्हतं की!"

गावातले एक वृद्ध समजावू लागले, "वयनीनू, देवीचो शब्द मोडूक येणा नाय."

"मोडतंय कोण? ती न्हाय म्हणली, समद्यांनी ऐकलं. म्हातारी बाई हाय ती, आपला उंबरा सोडायला कशी व्हय म्हणंल? पूर आला तवा मी म्हणलं नव्हतं, ती का म्हणंल? आता उचला की तिला! रागवंल. रागवू द्या. मी बी लई दिस बोलले नव्हते लेकीसंगं." इथे तिचा आवाज चिरला. "माझी एक गेली. तिला उचलून कुठं न्यावं, ते कुठल्या डॉक्टरनं सांगितलं न्हाय, कुठल्या देवानं सांगितलं न्हाय. हिला कुठं न्यायचं ते माझ्या लेकीनं दावून ठेवलंय. हिला तरी न्या!"

संभा दाराच्या चौकटीला धरून उभा होता, त्याने तोंड फिरवले. गुरवांनी मूर्तीकडे पाहिले. मग म्हणाले, "माझी आवस पण अशीच हुती, वयनीनू. शेवटाक पाठीर घेऊन घराक आणलंय." आणि त्यांनी मूर्तीपुढे पुन्हा हात जोडले. या वेळी पाकळी लावली नाही.

"बा आये, तू नाय म्हटलंस, ता आमी आयकला. आता लेकरांचो हात तुका लागतलो. राग धर, पण लेकरांवरच धर. घराक चल!"

मग एक म्हातारा म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग दुसरा. मग सारा गाव.

पुढचा विधी मी केला. हलवण्यापूर्वी मूर्तीतले देवतेचे तत्त्व मंत्राने पाण्याच्या कलशात घ्यावे, तिची क्षमा मागावी, मग मूर्ती उचलावी, असे शास्त्रच सांगते. ते मी किती वर्षे शिकवले! आपल्या पूर्वजांनी जीर्ण देवळांचा विचार करून ठेवला होता, जीर्ण भूमीचाही त्यात होताच. तुझी आई ओरडेपर्यंत तो माझ्या ध्यानात आला नाही एवढेच.

गुरवांनी विचारले, "कलश कोणी घेवचो?" तुझी आई आधीच मांडी घालून, पदर पसरून बसली होती. तिने तो मांडीवर घेतला. मूर्ती चौघांनी उचलली आणि बाकीच्यांनी तुझ्या आईलाच कलशासकट देवळातल्या खुर्चीवर बसवून सड्यावरून आंब्यापर्यंत नेले. मागचे पाय संभाने धरले. या वेळी ती शिव्या देत नव्हती. एक हात कलशावर ठेवून ती खाली वाकून काहीतरी बोलत होती. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आले, "आलंच हां. आलंच घर."

मी तिथेच बसलो. गेल्या वर्षी तुझ्या अस्थींचा कलश मी मांडीवर घेऊन पंचगंगेवर गेलो होतो. तो आकाराने असाच होता गं. वजनही फारसे वेगळे नसेल. शरू, पुराच्या पाण्यातून तू तुझ्या आईला उचललेस. तुझ्या एका शब्दावर आम्ही देवीला उचलले. कड्याच्या टोकावरून तुला मात्र आम्हाला उचलता आले नाही. कोणत्या खुर्चीवर बसवायचे होते? कुठे न्यायचे होते? विचारले असते तर तू हो म्हणाली असतीस का, नाही? मला डावा कौलही कुणी दिला नाही. सरळ पाणी मुरले आणि तू गेलीस.

देवी आता आंब्याखालच्या छपरात आहे. देऊळ पुढच्या वर्षी बांधतील. कड्यावरचे जुने देऊळ अजून उभे आहे, रिकामे. येत्या पावसात जाईल, की माझ्या मागे जाईल, हे तुझे शास्त्रही सांगू शकले नसते, हे मला ठाऊक आहे. ते उभे राहिले तर गावातले दोघेचौघे म्हणतील, उगीच हलवली. म्हणू देत. तुझ्या आईने त्यांची उत्तरे आताच तयार करून ठेवली आहेत. ती लिहिण्यासारखी नाहीत.

निघण्यापूर्वी मी तिला कड्याकडे नेले. ती दूरच थांबली, पदर खोचला आणि म्हणाली, "मला काय करायचं ते सांगा." मी तुझा टेप पिशवीतून काढला. दीपमाळेशी उभा राहिलो. दुसरे टोक घेऊन ती कडेपासून हातभर अलीकडे खाली बसली आणि तिथे तिने पांढरी रेघ ओढली. वाकडी आली. "ताठ धरा वो!" ती माझ्यावर खेकसली. "पोट आलंया टेपला." तुझेच शब्द. तिने ते कधी ऐकून ठेवले होते, देव जाणे.

बाळ, तुला शब्द देतो. गुडघे साथ देतील तोवर दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही घाट उतरू, टेप ताठ धरू आणि कड जिथे असेल तिच्या अलीकडे रेघ ओढू. आणि यापुढे कुणीही काठावर उभे दिसले, तर त्याचे 'नाही' ऐकून मी नुसते हात जोडून परत फिरणार नाही. जवळ जाईन. खुर्ची मागवीन.

तुझी रेघ पायथ्याशी आहे, तोवर आमचा पाया राखून आहे, असे मी समजतो. समुद्राने ती जितकी सावकाश न्यावी तितकी बरी.

टेपचे दीपमाळेकडचे टोक हाती धरून उभा असलेला,
तुझा
बाबा